निवडायला बसताना

हंगामात लोणंदला येणाऱ्या माणसाला गाव आल्याचं आधी नाकाला कळतं. पुणे–मिरज रेल्वेमार्गावरचं हे स्टेशन मुलखाला दोन गोष्टींसाठी ठाऊक आहे: कांद्याची पेठ आणि माउलींच्या पालखीचा मुक्काम. हे पुस्तक या दोन्हींच्या मधे कुठंतरी सुरू झालं, म्हणून प्रस्तावनाही तिथूनच सुरू करतो.

एका पावसाळ्यात गावाबाहेरच्या मळ्यात गेलो होतो. वळवाच्या वाऱ्यानं कांदाचाळीचे चार पत्रे उडाले होते, पाणी आत शिरलं होतं आणि आठ दिवसांनी चाळ उघडली तेव्हा तळाच्या कांद्याला पाणी सुटलेलं होतं. मालक बांधावर बसून हिशेब करत होता. दिवाळीपर्यंत ठेवला असता तर काय भाव मिळाला असता, त्यात ट्रॅक्टरचा हप्ता कसा फिटला असता, मुलीचं काय झालं असतं. हिशेबात चूक नव्हती. फक्त त्यातला कांदा आता शिल्लक नव्हता.

चाळीच्या तोंडाशी दोन बाया निवडायला बसल्या होत्या. थोरली साठीच्या पुढची. तिचा हात बघत राहावा असा चालत होता. कांदा उचलायचा, मानेवर अंगठा दाबायचा. मान मऊ लागली की आतून गेलेला, मागं भिरकवायचा. पाला सुटलेला, एखादा डाग पडलेला, काजळी लागलेला बदल्यात. जोड वेगळा, गोल्टी वेगळी, चिंगळी वेगळी. चांगला मोठा माल उजव्या हाताच्या पाटीत. एका कांद्याला दोन श्वासांपेक्षा जास्त वेळ नाही. कोंब आलेले तेवढे तिनं पदराशी ठेवले होते. ते कशाला, म्हणून विचारलं. म्हणाली, "परसात लावायचं. बाजारात त्याला कोण इचारत न्हाई, पर पात निघती की."

मी म्हटलं, मावशी, एवढा ढीग सडलेला बघून तुम्हाला काही वाटत नाही का? तिनं मान वर केली नाही. "ढिगाकडं बघितलं की हात चालत न्हाई, दादा. हातातल्या कांद्याकडं बघायचं."

संध्याकाळपर्यंत बराचसा माल गेलाच. तो गेला नाही, असं मी म्हणणार नाही; सडलेल्या कांद्याच्या वासात उभं राहून तसं म्हणणं शक्यही नव्हतं. पण पंधरा-वीस गोण्या भरल्या. मालकानं उठून त्यांच्यावर ताडपत्री टाकली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच चहा मागितला.

मराठीत 'निवडणं' हा शब्द फार कामाचा आहे. तांदूळ निवडतात तेव्हा खडे बाजूला काढतात. भाजी निवडतात तेव्हा किडकं पान काढून टाकतात. आणि सरपंच निवडतात तेव्हा त्याच शब्दाचा अर्थ पसंत करणं असा होतो. टाकून देणं आणि पत्करणं, दोन्ही कामं एकाच क्रियापदात. उरलेल्या शक्यतांवर सुख उभं करण्याविषयी जे काही मला या पुस्तकात म्हणायचं आहे ते या एका शब्दात येतं. काय गेलं ते हातानं चाचपून बाजूला काढल्याशिवाय काय उरलं ते कळत नाही. डोळे मिटून 'सगळं चांगलंच आहे' म्हणणारा कांदा निवडत नसतो, सडका माल गोणीत भरत असतो. तो चार दिवसांत बाकीचाही नासवतो.

आता दुसरी गोष्ट, आमच्या आत्याची. तिनं वीस वर्षं आळंदी ते पंढरपूर पायी वारी केली. मग गुडघे गेले. डॉक्टरांनी चालणं तोडलं, त्या वर्षी ज्येष्ठ वद्य अष्टमीला, आळंदीहून प्रस्थान होतं त्या दिवशी, ती भिंतीकडं तोंड करून निजून राहिली. कोणी समजूत काढायला गेलं की म्हणायची, "जावा, मला काय बी सांगू नगा." आम्ही गप्प बसलो. ते एक आम्ही बरं केलं.

पुढच्या वर्षी तिनंच विषय काढला. पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, नदीत पादुकांना स्नान होतं आणि मग लोणंदचा मुक्काम. तिथं मला टेम्पोतनं सोडा, म्हणाली. एक प्लास्टिकची खुर्ची, खोबरेल तेलाची बाटली, कापूर आणि एक घमेलं घेऊन ती रस्त्याच्या कडेला बसली. दिवसभर वारकऱ्यांच्या पायाला तेल लावलं. फोड आलेले, भेगा पडलेले, चपलेच्या पट्ट्यानं सोललेले पाय. तिला पायावरून कळायचं, हा नवा आहे, ह्याची पंधरावी वारी, ही बाई अनवाणी निघाली आहे. वीस वर्षं चालून मिळालेलं ज्ञान असं बसून वापरात आलं. निघताना मी विचारलं, बरं वाटलं का? आत्या म्हणाली, "आरं, मला चालता येत न्हाई. थांबता येतं की! सगळीच चालाय लागली तर पाय कोण चोळंल?"

लोणंद सोडलं की तरडगावच्या अलीकडं चांदोबाचा लिंब लागतो. या वाटेवरचं पहिलं उभं रिंगण तिथंच होतं. वारकरी दुतर्फा उभे राहतात आणि मधून अश्व धावतो. चालणाऱ्यांच्या या सोहळ्याला उभं राहणाऱ्यांचीही गरज लागते, हे मला त्या वर्षी नव्यानं दिसलं. लहानपणापासून रिंगण पाहत होतो, तरी.

मग २०२० साल आलं. महामारीमुळं पायी वारी झाली नाही. आळंदीतून प्रस्थान झालं, पण पादुका तिथंच थांबल्या, आणि आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी, ३० जूनला, एसटीच्या बसनं मोजक्या वारकऱ्यांसोबत पंढरपूरला गेल्या. सातारा जिल्ह्यातल्याच आरफळच्या हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात या पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं. त्या सोहळ्यात तंबू, नगारखाना, चोपदार, दिंड्यांचे क्रम सगळं ठरलेलं. ते सगळं त्या वर्षी बाजूला ठेवावं लागलं. उरलं काय? पादुका, तिथी आणि एक बस. त्यावर वारी झाली. लोणंदचा पालखीतळ रिकामा राहिला, रस्त्यावर कुत्री झोपली होती. आत्यानं टीव्हीवर फुलांनी सजवलेली बस पाहिली आणि म्हणाली, "एष्टीनं का होईना, माउली गेली." मग ती रडली. दोन्ही खरं होतं, ते वाक्यही आणि रडणंही, आणि मला त्यातलं एक गाळून दुसरं लिहायचं नाही.

एवढं शहाणपण मला आधीपासून होतं, असं कुणी समजू नये. भावकीतल्या एका माणसाचा हात कडबा कुट्टीत गेला. ओला चारा आत सारताना बोटं ओढली गेली. उजव्या हाताची तीन बोटं गेली, अंगठा आणि करंगळी वाचली. दवाखान्यात मी भेटायला गेलो आणि खुर्ची ओढून बसत म्हणालो, "अंगठा वाचला हे नशीब म्हणायचं. बाकी सगळं आहे ना!" त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिला. आमच्यात पुढं सहा महिने बोलणं नव्हतं.

वाक्य खोटं नव्हतं. पण ते माझ्या तोंडचं नव्हतं. त्याच्या हाताचं वाटप मी करून टाकलं होतं, आणि तेही तिसऱ्या दिवशी, जेव्हा तो अजून गेलेली बोटं खाजवू पाहत होता. नंतर कधीतरी भल्या पहाटे त्याच्या गोठ्यावरून जात होतो. त्यानं हाक मारली. डाव्या हाताच्या मुठीत एक सड, उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी असा चिमटा दुसऱ्याला, आणि धार बादलीत वाजत होती. एक बाजू जाड, एक बारीक, असा दुहेरी आवाज. "बघ," म्हणाला, "येळ लागतो. पर म्हस उभी ऱ्हाती." मग तोच हसून म्हणाला, "अंगठा वाचला हे नशीब." सहा महिन्यांपूर्वी मी म्हटलं तेच वाक्य. त्याच्या तोंडी आलं तेव्हा कुठं ते खरं झालं.

या विषयावर इंग्रजीतून आलेली पुस्तकं आपल्याकडं रेल्वे स्टेशनवर ढिगानं मिळतात. त्यांतून एक संशोधन फार सांगितलं जातं. फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली ते प्रसिद्ध केलं. अमेरिकेत लॉटरी जिंकलेले २२ लोक, अपघातात लकवा झालेले २९ लोक आणि साधारण आयुष्य जगणारे २२, अशांना त्यांनी सुखाविषयी विचारलं. सांगणारे सांगतात की लॉटरीवाले आणि लकवा झालेले सारखेच सुखी निघाले. तसं काही निघालं नव्हतं. पाचपैकी गुण द्यायचे होते. लॉटरीवाल्यांचं आजचं सुख ४.०० भरलं, साध्या माणसांचं ३.८२ आणि अपघातग्रस्तांचं २.९६. म्हणजे ते कमी सुखी होते, आणि असणारच. पाठीचा कणा मोडणं ही गंमत नव्हे.

पण त्याच तक्त्यात दोन आकडे आहेत, त्यांच्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. अपघातग्रस्तांनी आपल्या पूर्वीच्या सुखाला ४.४१ गुण दिले. साध्या माणसांनी आपल्या पूर्वीच्या काळाला दिले ३.३२. अपघाताआधी ही माणसं इतरांपेक्षा खरोखरच एवढी सुखी असतील का? मला वाटतं, गेलेला कांदा नेहमी टपोरा असतो. आणि दुसरा आकडा: पुढं आपण किती सुखी असू याला त्यांनी ४.३२ दिले, तिन्ही गटांत सगळ्यात जास्त. माणसं थोडी, गुण त्यांनी स्वतःच दिलेले, तेव्हा यावर मोठा इमला उभारू नये. तरी २.९६ वर उभं राहून ४.३२ कडं बघणाऱ्या त्या २९ जणांचा मला आदर वाटतो. त्यांना 'सारखेच सुखी' ठरवून आपण त्यांच्यावर अन्यायच करतो.

आपल्याच बाजूचं उदाहरण घ्यायचं तर सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर. सैन्यात होते, मुष्टियोद्धे होते. १९६५च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्या लागल्या, एक कण्यात राहिली आणि कमरेखालचं शरीर गेलं. मुष्टियुद्ध पायांवर असतं, हे बाहेरच्याला पटकन कळत नाही; ठोसा हाताचा दिसतो, पण तो तळपायातून उठतो. म्हणजे त्यांचं सगळंच गेलं. मुंबईच्या अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात उपचार म्हणून पाण्यात उतरवलं. पाण्यात पायांना वजन नसतं. जमिनीवर जे शरीर ओझं होतं ते पाण्यात हातांच्या मागून निमूट येत होतं. १९६८ साली तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमधे ते टेबल टेनिस खेळले आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक मिळवलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. त्याच वर्षी ऑलिम्पिक म्युनिकला झालं होतं. पॅरालिम्पिकच्या खेळाडूंना तिथलं क्रीडाग्राम मिळालं नाही म्हणून स्पर्धा हायडेलबर्गला हलली. त्यांच्या वाट्याला शहरही उरलेलं आलं!

एवढ्यावर गोष्ट थांबवली तर ती भाषणात सांगायला सोयीची होते. पण पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ साली, म्हणजे ४६ वर्षांनी. जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार त्याहून उशिरा, २०२५च्या जानेवारीत. माणसानं आपलं उरलेलं गोळा करून सोनं आणलं, तरी ते ओळखायला देशाला अर्धं शतक लागलं. उरलेल्यावर समाधान मानावं हा उपदेश आपण ज्याचं गेलं त्याला करतो. ज्याचं काही गेलेलं नाही त्यानं काय करावं, याबद्दल मात्र कुणी प्रवचन देत नाही.

म्हणूनच मला नसीमा हुरजूक अधिक जवळच्या वाटतात. सोळाव्या वर्षी पाय गेले. आयुष्य संपलं असं वाटत असताना बाबूकाका दिवाण भेटले. तेही पाय गेलेले, आणि स्वतःची गाडी स्वतः चालवणारे. कुणीतरी 'धीर धर' म्हणणं वेगळं आणि पाय गेलेला माणूस गाडी चालवत दारात येणं वेगळं. पण पुढं नसीमादीदींनी आपलं दुःख जिंकल्याची कहाणी सांगत फिरण्यावर भागवलं नाही. १९८४ साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड' उभी केली. वसतिगृह, शिक्षण, काम, म्हणजे ज्या गोष्टींमुळं दुसऱ्याची शक्यता वाढते त्या. त्यांच्या आत्मकथनाचं नाव 'चाकाची खुर्ची'. नावात पाय नाहीत, खुर्चीही नुसती नाही. चाक आहे.

उरलेलं शक्य हे उतरंडीतल्या तळाच्या मडक्यासारखं आपोआप उरत नाही. ते किती उरेल, हे दाराला किती पायऱ्या आहेत यावरही ठरतं. चाकाची खुर्ची आहे आणि शाळेला उतार नाही, तर त्या मुलीचे पाय दोनदा गेले: एकदा आजारानं, एकदा गवंड्यामुळं. सांगली जिल्ह्यातल्याच आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी यांनी २०२४ साली पॅरिसला १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य आणलं. लहानपणी सायकलवरून पडून त्यांचा एक हात अधू झालेला. त्यांच्या जिद्दीचं कौतुक करावंच. पण गोळा फेकायला मैदान लागतं, शिकवणारा लागतो, आणि अधू हाताच्या माणसाला खेळाडू समजणारी एक स्पर्धा आधी अस्तित्वात असावी लागते.

आपल्या बोलण्यात 'भागवणं' असा आणखी एक शब्द आहे. आहे त्यात भागवायचं. बायकांनी तर पिढ्यान्‌पिढ्या भागवलं. पाच माणसांचं कालवण आठांत, एक लुगडं दोघींत. या भागवण्याला सुख म्हणण्याची घाई या पुस्तकात केलेली नाही. भागवायला लावलं जातं आणि निवडायला माणूस आपण होऊन बसतो, एवढा फरक मला दिसतो. बाहेरून दोघंही सारखीच दिसतात, घमेलं पुढं घेऊन खाली मान घातलेली. ओळखायचं कसं? मला अजून एकच खूण सापडली आहे: निवडणारा माणूस बोलता-बोलता हसतो, आणि त्याला कोंब आलेल्या कांद्याचं काय करायचं ते ठाऊक असतं.

पुढच्या पानांत अशा काही माणसांच्या हकिकती आहेत. काहींची नावं तुम्ही पेपरात वाचली असतील, बहुतेकांची नाहीत. त्यांची नावं मी मुद्दाम दिलेली नाहीत, कारण आमचं गाव लहान आहे आणि संध्याकाळी स्टेशनवर सगळ्यांची गाठ पडते. कुणाचंही आयुष्य शेवटी गोड करून दाखवलेलं नाही. एक-दोन हकिकतींत माणूस बांधावरच बसून राहिला, उठलाच नाही. त्याही ठेवल्या आहेत. ज्याच्या घरात नुकतंच काही गेलं असेल त्यानं हे पुस्तक सध्या बाजूला ठेवलं तरी चालेल. ते कुठं पळून जात नाही.

एक विनंती मात्र सगळ्यांना आहे. आषाढात पालखी लोणंदला येते तेव्हा दर्शनाला जरूर या. गर्दी फार असते. पण रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर कुणी म्हातारी घमेलं घेऊन बसलेली दिसली, तर तिच्यासमोर उभे राहू नका. तिला मागून पालखी दिसत नाही.